जन्म सांगलीच्या खात्यावर, समाधी साताऱ्याच्या

२०३८ साली यशवंतराव चव्हाणांची सव्वाशेवी जयंती येईल. आयोग आत्ताच नेमलेला बरा. मुदतवाढींना वेळ पुरला पाहिजे.

पहिला पेच हद्दीचा. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे गावी जन्मले, तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये जिल्हा फुटला, दक्षिण सातारा झाला, पुढे त्याचेच नाव सांगली पडले. म्हणजे जन्म सांगलीचा, आणि कर्मभूमी कऱ्हाड, प्रीतिसंगमावरची समाधी साताऱ्याची. दोन पालकमंत्री, दोन जिल्हाधिकारी, दोन मांडव. आधी कुठल्या मांडवात भाषण करायचे, हे ठरवायला उपसमिती लागेल. उपसमितीला गाडी लागेल. गाडीला डिझेल. डिझेलची फाइल मुंबईला जाईल.

इथे गंमत आहे. गावचा निर्णय जिल्ह्यातच व्हावा म्हणून याच माणसाच्या कारकिर्दीत, १ मे १९६२ ला, जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्यांच्या जयंतीच्या हारांची मंजुरी मात्र मंत्रालयातूनच यायची!

याच मुलखात १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले. त्याने न्यायनिवाडे केले, बिनखर्चाची गांधी-लग्ने लावली. तेही इंग्रजांचा ससेमिरा चुकवत, भूमिगत राहून! आयोगाने त्यांचीही जयंती हाती घ्यावी, ३ ऑगस्टची. फक्त एक अडचण आहे: प्रतिसरकारने हे सगळे कुठल्या शासन निर्णयान्वये केले, असा शेरा वित्त विभाग मारणार, आणि उत्तर द्यायला कक्ष अधिकारी रजेवर असणार.