मे महिन्यातले मेस्त्री

मधलेकाकांना गावच्या घरात काही धड चाललेलं बघवत नाही. डोंबिवलीच्या ब्लॉकमधला बाथरूमचा नळ वर्षानुवर्षं ठिबकतोय. त्याखाली बादली लावून काका निवांत पेपर वाचतात. प्लंबरला फोन करणं हे काकूचं खातं. पण हाच माणूस मे महिन्यात कोकणकन्येतून कुडाळला उतरला की त्याच्या अंगात गवंडी, सुतार, वायरमन आणि प्लंबर असे चौघे एकदम संचारतात, आणि त्या चौघांचं आपसात अजिबात पटत नाही.

चाकरमान्यांच्या प्रत्येक घरात असा एक काका असतोच. थोरला भाऊ 'घर आहे' एवढ्यावर समाधानी, धाकटा 'विकून मोकळे होऊ' म्हणणारा, आणि मधला दुरुस्ती करणारा. विकणं तसंही सोपं नाही. पंचायतीच्या नमुना आठवर अजून आजोबांचं नाव आहे, आणि वारस म्हणून ज्यांनी सह्या करायच्या त्यांतले निम्मे एकमेकांशी बोलत नाहीत. बडोद्याचे चुलतकाका तर घरपट्टीची पावती रजिस्टर्ड पोस्टानं मागवतात. तेव्हा घर विकलं जात नाही, पडूही दिलं जात नाही, आणि मधलेकाकांचं फावतं.

घर धामापूरला, तळ्याच्या वरच्या अंगाला. कुडाळहून नेरूरपारचा पूल ओलांडून, काळशावरून मालवणकडे जाताना हे तळं लागतं. भोवती गर्द झाडी, काठाला भगवतीचं देऊळ. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० साली बांध घालून हे तळं केलं. २०२० मध्ये त्याची जागतिक वारसा सिंचन स्थळांत नोंद झाली, तेव्हापासून काकांच्या बोलण्यात आपण स्वतः त्या बांधकामावर मुकादम होतो असा सूर आला आहे. "पाचशे वर्षांचा बांध! गळतो का कुठे?" असं ते विचारतात आणि आमच्या पडवीच्या छपराकडे तुच्छतेनं बघतात. छप्पर गळतं हे खरं. ते मुख्यतः कुठे गळतं हे मात्र काका त्या त्या वर्षी कुठे चढले होते यावरून ठरतं.

त्यांचा मे महिना खरं तर दिवाळीनंतरच सुरू होतो. रविवारी दुपारी काका नागदेवीला जाऊन स्क्रू, बिजागऱ्या, कड्याकोयंडे घेतात, लोहार चाळीतून वायरी आणि बटणं. हे सगळं कुडाळच्या बाजारात मिळतं, कदाचित स्वस्तही. पण तिथल्या दुकानदाराला "मुंबईत हेच किती सुबक मिळतं" असं सांगता यावं, म्हणून ते मुंबईहून आणावंच लागतं. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. त्या सकाळी घरातले सगळे मोबाइल कामाला लागलेले असताना काका सामानाची यादी वाचून दाखवत असतात. एका वर्षी त्यांनी पांढराशुभ्र कमोड खोक्यासकट गाडीत चढवला. रात्रभर तो खालच्या बर्थपाशी होता, आणि पनवेलला चढलेले एक वयस्क गृहस्थ रत्नागिरीपर्यंत त्यावर विश्वासानं पाय टेकून झोपले. कमोड सुखरूप पोचला. त्याचा पाइप डोंबिवलीतच राहिला. अजून तो मांगरात आहे. काकू त्यात अळू लावू म्हणते.

गावात उतरल्यावर पहिली लढाई मेस्त्रीशी. मे महिन्यात मेस्त्री मिळणं म्हणजे काय ते कोकणात घर असलेल्यालाच कळेल. सगळे चाकरमानी एकदम आलेले, लग्नंही त्याच महिन्यात, आणि सगळ्यांनाच मिरगाच्या आत छप्पर शाकारून हवं. ७-८ जूनला मृग लागतो, त्याआधी रोहिणीचा एखादा सडाका येऊन जातोच. मेस्त्री "फाल्या येतंय" म्हणतो. त्याचं 'फाल्या' पंचांगात सापडत नाही. काका दोन दिवस वाट बघतात, तिसऱ्या दिवशी "मीच करतो, त्यात काय आहे" म्हणतात, आणि आम्हा पुतण्यांच्या पोटात गोळा येतो.

कौल कसं बदलायचं ते मेस्त्रीकडून बघावं. तो छपरावर चढतच नाही. माळ्यावर उभा राहून फुटक्या कौलाच्या वरचं कौल आतल्या बाजूनं तळहातावर जरासं उचलून धरतो, फुटकं रिपेवरून सुटवून अलगद खाली घेतो, नवं तिथेच अडकवतो आणि वरचं त्याच्या खाचेत सोडून देतो. 'टक्' असा एक आवाज येतो, आणि मेस्त्री बिडी पेटवतो. काका चढतात. अर्ध्या चड्डीत, डोक्याला पंचा, कमरेला दोरी, दोरीचं दुसरं टोक आमच्या हातात. फुटक्या कौलापर्यंत पोचेस्तोवर त्यांच्या पायाखाली चार जातात. प्रत्येक वेळी ते "आधीच तडकलेलं होतं" असं खाली ओरडून कळवतात. मग नवी कौलं बसत नाहीत. मंगलोरी कौलांची खाच कारखान्यागणिक वेगळी असते, एकाचं दुसऱ्यात नीट अडकत नाही. म्हणून शहाणा माणूस जुन्या घराची उतरवलेली कौलं जपून ठेवतो. आमच्याकडे ती होती. काकांनी त्यांची बागेत वाफ्यांना कड केली.

छपरावर बसल्या बसल्या काका कौल उलटं करून त्यावरचा ठसा वाचतात. "मंगळूर! बासेल मिशन माहीत आहे का? १८६५ साली पाद्र्यांनी पहिला कारखाना काढला." आम्ही उन्हात दोरी धरून उभे. असा इतिहास चालू असतानाच नेमका मेस्त्री उगवतो, वर बघतो, आणि फार मायेनं म्हणतो, "भाऊनु, तुमी खाली रवा, म्हणजे काम बेगीन होताला."

काका खाली येतात ते भिंतीकडे वळतात. आमच्या भिंती जांभ्याच्या, मातीत बांधलेल्या, मातीनंच लिंपलेल्या. चिऱ्याला भोकंच भोकं असतात. तो पावसात ओल पितो आणि उन्हात सोडून देतो, मातीचा लेप त्याच्या आड येत नाही. काकांचा मातीवर विश्वास नाही. त्यांना 'पक्कं' हवं असतं. माजघराच्या भिंतीला त्यांनी सिमेंटचा गिलावा केला, तोही पाणसळ लावून, गुळगुळीत. ओल आत कोंडली, आणि पुढच्या मेमध्ये दार उघडलं तर गिलाव्याचे पापुद्रे जमिनीवर पडलेले. काकांनी एक पापुद्रा उचलून दोन बोटांत चुरला आणि निर्णय दिला, "हल्ली सिमेंटात दम नाही." त्या वर्षी दुप्पट जाड गिलावा झाला.

हत्यारांची कथा स्वतंत्र आहे. काकांच्या पेटीत रंधा, पटाशी, ओळंबा, ड्रिल असं सगळं आहे, फक्त जे लागतं ते नाही. ते शेजारच्या वयनीकडून येतं. कोयता, पारय, घमेलं, एकदा तर तिची निसणच. आणि आलेली वस्तू परत जात नाही. म्हणजे काका काही ठेवून घेत नाहीत, त्यांना ती सापडत नाही. धामापूरच्या तळ्याची एक दंतकथा आहे. लग्नकार्याला दागिने नसले तर बाईनं फुलांची परडी पाण्यात सोडायची, मग देवी दागिने वर पाठवायची. कार्य झालं की ते तळ्याला परत करायचे. कुणीतरी ते केले नाहीत, आणि देवीनं देणं थांबवलं. वयनी ही गोष्ट काकांना दर मेमध्ये पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी सांगते आणि शेवटी म्हणते, "तेवा भाऊनु, माजी पारय गावली काय?" काका गोष्टीला भक्तिभावानं मान डोलावतात.

माकडांवरचा इलाज मी थोडक्यात सांगतो, कारण तो थोडकाच टिकला. केल्डे हल्ली कोकणातल्या सगळ्याच कौलांवर नाचतात. कंटाळून कितीतरी लोकांनी कौलं उतरवून पत्रे घातले. काकांनी वाघाची डरकाळी मोबाइलवर उतरवून ती स्पीकरवर लावली, पहाटे पाचला. केल्डे दीड दिवस आले नाहीत. वयनीच्या कोंबड्यांनी मात्र आठवडाभर अंडी दिली नाहीत. नंतर केल्डे परत आले आणि स्पीकर घेऊन गेले.

पण काकांची कीर्ती आहे ती खिडकीमुळे. तळ्याकाठी घर असून घरातून तळं दिसत नाही, हे शल्य त्यांना नातवानं 'लेक व्ह्यू' हा शब्द उच्चारल्यापासून टोचू लागलं. आजोबांनी पश्चिमेची भिंत कोरी का ठेवली होती हे गावातलं पोरही सांगेल. पाऊस तिकडून तिरका येतो. लोक त्या बाजूला पावसाळ्याआधी चुडतांच्या झडी बांधून भिंत झाकतात, तिला भोक पाडत नाहीत. काकांनी पाडलं. सुरुवातीला राखणदाराला नारळ ठेवला, वयनीच्या सासऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, आम्ही सगळे "होय म्हाराजा" म्हणालो. मग काकांनी मोजमाप आतून घेतलं आणि चिरे बाहेरून काढले. मधे भिंतीची जाडी होती, ती हिशेबात आली नाही. बडोद्याच्या चुलतकाकांना वास लागला. त्यांनी फोन करून "त्या भिंतीत माझाही हिस्सा आहे, तो तुम्ही नक्की कुठे टाकलात?" अशी चौकशी केली. तो हिस्सा तेव्हा न्हाणीघराच्या वाटेवर ढीग करून ठेवला होता.

खिडकी झाली. सागाची चौकट, नागदेवीच्या बिजागऱ्या, वर काकांनी स्वतः घडवलेला लाकडी तुळवट, त्याला वाळवी लागू नये म्हणून काजूच्या टरफलांचं तेल. हे तेल कातडीला लागलं तर भाजतं. काकांना ते माहीत होतं. आम्हाला नंतर कळलं. उद्घाटनाला सगळे जमले, काकांनी दोन्ही फळ्या ढकलल्या आणि समोर फणसाचं खोड आलं. आजोबांच्या आजोबांनी लावलेला फणस, दोघांच्या कवेत न मावणारा. तोडायचा प्रश्नच नव्हता. काका किंचितही डगमगले नाहीत. "असं उजवीकडे वाकायचं," म्हणून त्यांनी स्वतः चौकटीला धरून कमरेतून बाहेर झुकून दाखवलं. "आता दिसतं ना? निळं?" एकेक पाहुणा वाकून आला. काही जणांनी 'दिसलं' म्हटलं. धाकट्या काकांना खरंच काहीतरी निळं दिसलं होतं, ते वयनीचं वाळत घातलेलं लुगडं निघालं.

जुलैत वयनीचा फोन आला. "भाऊनु, तुमी खिडकेतना तळा बघुचा म्हणत होतास ना? आता तळाच घरात इला हा."

शेवटी काकांच्या मुलानं पुण्याहून परस्पर एक कंत्राटदार पाठवला. अख्खं घर एकदाच नीट करून टाकू, तीन आठवड्यांचं काम, बाबांची दगदग वाचेल असा त्याचा सरळ हिशेब. काकांना हे कळलं तेव्हा ते जेवले नाहीत, म्हणजे फणसाचे गरे खाऊन उठले. पण माणूस दारात आल्यावर त्यांनी त्याला खुर्ची दिली, कोकम सरबत दिलं आणि मग घर दाखवायला निघाले. मी मागे होतो. काका त्याला एकेक बिघाड असा दाखवत होते की लग्नघरी रुखवत दाखवावं. इथे बघा, इथे खरी गंमत आहे, अजून पुढे या.

कंत्राटदार माजघरात थांबला. गिलाव्यावर बोटानं टकटक केलं, तो पोकळ वाजला. तुळवटाकडे बघितलं, पंख्याच्या हुकाला गुंडाळलेली वायर बघितली, छपरातल्या निरनिराळ्या कारखान्यांच्या कौलांमधून येणारे उन्हाचे कवडसे बघितले. मग हळूच विचारलं, "ह्या काम कोणी केल्यान ओ?"

मी श्वास रोखला. काकांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"होता एक," ते म्हणाले. "मुंबईचा."

"वाटलाच माका. पैशे किती घेतल्यान?"

काकांनी मनात वर्षांची बेरीज केली असावी. "पुष्कळ खर्च झाला."

"फसवल्यान तुमका."

"फसवलंच!" काका उसळून म्हणाले. आणि पुढचा अर्धा तास दोघे पडवीत बसून त्या मुंबईच्या माणसाबद्दल बोलत होते. त्याला ओळंबा कशाशी खातात ते माहीत नव्हतं, मापं घ्यायची अक्कल नव्हती, वर तोंड करून इतिहास सांगायचा. हा शेवटचा तपशील काकांनीच पुरवला. कंत्राटदार खूश होता, असा समजूतदार मालक त्याला क्वचितच भेटला असेल. उठता उठता त्यानं कामाचा क्रम सांगितला. "पयली ती खिडकी बुजवूक व्हयी."

काकांनी त्याला दुसरं सरबत विचारलं नाही. फाटकापर्यंत सोडून आले आणि पायऱ्यांवर चपला झटकत म्हणाले, "माणूस वाईट नाही, पण नजर नाही त्याला." मग खिडकीसमोर उभं राहून त्यांनी डोकं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलतं केलं.

"वरून एक छोटा छज्जा टाकला की पाऊस यायचा बंद," ते म्हणाले. "पत्रा मी मुंबईहून आणतो. तू फक्त वयनीकडून निसण आण."