तारीख पाळा, आकडा दाखवा

नोव्हेंबर 2025 च्या शेवटच्या आठवड्यात दोन बातम्या पाठोपाठ आल्या. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकडेवारीला 'सी' श्रेणी दिली. आणि त्याच आठवड्यात सरकारने जाहीर केलं की जुलै-सप्टेंबर तिमाहीत अर्थव्यवस्था 8.2 टक्क्यांनी वाढली. लगेच धुरळा उडाला. विरोधक म्हणाले, आकडे फुगवलेत. सरकार म्हणालं, श्रेणी तांत्रिक कारणाने मिळाली. आधारवर्ष 2011-12 चं जुनं झालंय, नवं येतंय.

दोघंही अर्धंच बोलले. नाणेनिधीने कुठलाही आकडा खोटा ठरवला नव्हता. त्याचे आक्षेप पद्धतीवर होते: आधारवर्ष जुनं, महागाई वजा करायला घाऊक किंमत निर्देशांकाचा आधार, असंघटित क्षेत्राचं मोजमाप तोकडं. हे आक्षेप किरकोळ नाहीत. घाऊक किमती पडल्या आणि किरकोळ किमती चढ्या राहिल्या, तर महागाई कमी वजा होते आणि वाढीचा दर असतो त्याहून चांगला दिसू शकतो. पण याला बनावट म्हणणं चूक आहे, आणि अशा आरोपाने खरा प्रश्न बाजूलाच राहतो.

खरा प्रश्न असा की आधारवर्ष इतकं जुनं का राहिलं? त्याचं उत्तर 2019 मध्ये आहे.

राष्ट्रीय नमुना पाहणीत 1950 पासून घरोघरी जाऊन माणसं काय खातात, कशावर खर्च करतात हे विचारलं जात आहे. पाहणी करणारा कर्मचारी ओसरीवर बसतो आणि प्रश्नावली उघडतो. गेल्या सात दिवसांत तेल किती लागलं, भाजी किती, अंडी किती? तीस दिवसांत गहू किती, तांदूळ किती, सरपण किती? वर्षभरात कपडे, चपला, शाळेची फी? घरातली बाई स्वयंपाक अर्धा टाकून उत्तरं देते. अशी लाखभर कुटुंबं. 2017-18 ची पाहणी याच रीतीने झाली. नोव्हेंबर 2019 मध्ये बिझनेस स्टँडर्डने तिचे निष्कर्ष फोडले: महागाई वजा करता माणशी मासिक खर्च 2011-12 मध्ये 1501 रुपये होता, तो 1446 वर आला. ग्रामीण भागात घट 8.8 टक्के. म्हणजे लोक पूर्वीपेक्षा कमी खर्च करत होते.

सरकारने त्याच दिवशी पत्रक काढलं. पाहणीच्या दर्जात दोष आहेत, म्हणून ती प्रसिद्ध करणार नाही. त्याच पत्रकात आणखी एक वाक्य होतं, त्याकडे फार थोड्यांचं लक्ष गेलं: 2017-18 हे नवं आधारवर्ष म्हणून योग्य नाही, असं राष्ट्रीय लेखा सल्लागार समितीचं मत आहे.

पुढची पाहणी व्हायला 2022-23 उजाडलं, तिचे निष्कर्ष फेब्रुवारी 2024 मध्ये आले. मधल्या अकरा वर्षांत या देशातली माणसं काय खातात, याचं अधिकृत उत्तर नव्हतं. आधारवर्ष 2011-12 वरच राहिलं. ग्राहक किंमत निर्देशांकातली वजनंही 2011-12 च्याच खर्चावर चालू राहिली. त्यात खाद्यपदार्थांचा वाटा 45.86 टक्के, आणि वस्तूंच्या यादीत ऑडिओ कॅसेटही. शहरी कुटुंबांच्या खर्चातला खाण्याचा वाटा तोवर 40 टक्क्यांच्या खाली आला होता. याच निर्देशांकाकडे बघून रिझर्व्ह बँक रेपो दर ठरवत राहिली आणि तुमच्या गृहकर्जाचा हप्ता ठरत राहिला. एक पाहणी कपाटात गेली, त्याचा भुर्दंड असा घराघरांत पोचला. 'सी' श्रेणीमागे या गमावलेल्या वर्षांचाही मोठा वाटा आहे.

पाहणीत दोष नसतीलच, असं मी म्हणत नाही. नमुना पाहणीत दोष असतातच. मग ते दोष लिहून अहवाल प्रसिद्ध करायचा. तपासायला देशात संख्याशास्त्रज्ञ भरपूर आहेत. सरकारला दर्जाची शंका होती तर सगळी विदा खुली करायला हवी होती. ती केली नाही, म्हणून शंका पाहणीवरून सरकारवर आली.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला बेरोजगारीच्या अहवालाचं तेच झालं होतं. 2017-18 ची पहिली नियतकालिक श्रमशक्ती पाहणी राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाने डिसेंबर 2018 मध्ये मंजूर केली. अहवाल बाहेर आला नाही. जानेवारी 2019 च्या अखेरीस आयोगाचे कार्यकारी अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि सदस्य जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले. आयोगात उरलेले बिगरसरकारी सदस्य हे दोघंच. काही दिवसांत अहवाल फुटला: बेरोजगारी 6.1 टक्के, 2011-12 मध्ये 2.2. निती आयोगाने सांगितलं, हा मसुदा आहे. लोकसभा निवडणूक झाली. 30 मे रोजी शपथविधी झाला. 31 मे रोजी अहवाल प्रसिद्ध झाला, आकडा तोच, 6.1. मधले महिने कसली तपासणी चालली होती, याचं समाधानकारक उत्तर आजवर मिळालेलं नाही.

सरकारचा एक मुद्दा बरोबर होता: नव्या पाहणीत कुटुंबं निवडायची पद्धत बदलली होती, त्यामुळे जुन्याशी थेट तुलना जपून करायला हवी. हे एका तळटीपेत लिहिता आलं असतं.

2018 मध्ये जीडीपीच्या मागच्या वर्षांची फेरमांडणीही अशीच गाजली. सुदीप्तो मुंडले यांच्या समितीच्या अहवालात मनमोहन सिंग यांच्या काळात दोन वर्षं वाढ 10 टक्क्यांच्या वर दिसली. त्यावर 'हे अधिकृत नव्हे' असा शिक्का बसला. नोव्हेंबरमध्ये अधिकृत मालिका आली, तिच्यात 2010-11 चा दर 10.3 वरून 8.5 वर उतरला, आणि ती जाहीर करताना मंचावर निती आयोगाचे उपाध्यक्ष होते. हिशेब कदाचित बरोबरही असेल. पण राष्ट्रीय उत्पन्नाचा आकडा जाहीर करताना धोरण ठरवणारी मंडळी तिथे हवीत कशाला? ज्याचं प्रगतिपुस्तक, त्याच्याच हातून ते वाटलं गेलं तर गुण खरे असूनही कोणी मानत नाही.

आता काँग्रेसकडे वळू. 2009-10 च्या पाहणीने मनमोहन सरकारला अडचणीत आणलं होतं. वाढ भरघोस आणि नोकऱ्या जवळपास जिथल्या तिथे, असं चित्र निघालं. सरकारमधल्या मंडळींनी नाकं मुरडली, वर्ष दुष्काळाचं होतं असं सांगितलं आणि 2011-12 मध्ये पाहणी पुन्हा करून घेतली. नावडता आकडा आला की पाहणीलाच दोष द्यायचा, ही सवय तेव्हाही होती. फरक एकच, पण मोठा. 2009-10 चा अहवाल प्रसिद्ध झाला. लोकांनी वाचला, अभ्यासकांनी चिरफाड केली, दोन वर्षांची तुलना कोणालाही करता आली. हा फरक राखला पाहिजे, आणि जो राखेल त्याला श्रेय द्यायला माझी हरकत नाही. उलट, सोयीचा आकडा छातीला लावायचा आणि गैरसोयीचा खोटा म्हणायचा, हे आजचे विरोधकही सर्रास करतात. 2022-23 च्या पाहणीत खर्च वाढलेला दिसला, तर त्यांना लगेच पद्धतीत खोट दिसली. पद्धत बदलली होती, हे खरं. एका भेटीऐवजी तीन भेटी घेतल्या गेल्या. पण अभ्यास करून बोलणं वेगळं आणि निकाल आवडला नाही म्हणून बोलणं वेगळं.

हे दुखणं आपल्यापुरतं नाही. 1 ऑगस्ट 2025 रोजी अमेरिकेत नोकऱ्यांचा मासिक अहवाल आला. आधीच्या दोन महिन्यांचे आकडे मिळून 2,58,000 ने खाली आले होते. अध्यक्ष ट्रम्प यांनी त्याच दिवशी श्रम सांख्यिकी विभागाच्या प्रमुख एरिका मॅकएन्टार्फर यांना काढून टाकलं. उशिरा आलेली माहिती धरून आकडा सुधारणं हा तिथला दरमहाचा शिरस्ता आहे. पण तो अहवाल ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी जगासमोर आला होता, म्हणूनच बडतर्फी कशासाठी झाली हे प्रत्येकाला कळलं.

आपल्या खेड्यांत आकड्याचं राजकारण कोणाला शिकवावं लागत नाही. पैसेवारीवरून दरवर्षी भांडणं होतात. गावातले शेताचे तुकडे निवडायचे, दहा मीटर बाय दहा मीटर आखायचे, पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं, आणि प्रमाण उत्पन्नाशी ताडून गावाची पैसेवारी काढायची. आधी नजर अंदाज, मग सुधारित, मग अंतिम. 50 पैशांच्या खाली आली तर जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, मुलांना परीक्षा फी माफी. 51 आली तर हातात काही नाही. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेनंतर पावसाचा खंड, पेरणी, मातीतला ओलावा असे निकष पुढे आले, तरी तहसीलदार कचेरीवरचे मोर्चे थांबलेले नाहीत. शेतकरी तिथे विचारतो: कुठला तुकडा घेतला, ओलिताचा की कोरडवाहू? वजन करताना कोण होतं? प्रमाण उत्पन्न कुठल्या सालचं? नेमके हेच प्रश्न दिल्लीच्या आकड्यांना विचारायचे असतात. आकडा कसा काढला, कोणासमोर काढला, कधी दाखवला.

आकड्याची व्याख्याही अशीच उघडून पाहावी लागते. घरच्या किराणा दुकानात बिनपगारी बसणारी सून श्रमशक्ती पाहणीत 'रोजगारात' मोजली जाते. ही व्याख्या जुनी आहे, कोणत्या एका सरकारने घुसडलेली नाही. पण काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या महिलांचं प्रमाण 2017-18 मधल्या 23.3 टक्क्यांवरून 2023-24 मध्ये 41.7 वर गेलं, हे मिरवताना त्यातल्या किती जणींच्या हातात पैसा आला हेही सांगायला हवं. याच काळात रोजगारातल्यांमध्ये स्वयंरोजगाराचा वाटा 52.2 टक्क्यांवरून 58.4 वर गेला आहे. हे दोन्ही आकडे सरकारीच आहेत. शेजारी ठेवून वाचले की चित्र दिसतं. म्हणूनच ते बाहेर येणं इतकं मोलाचं.

सरकारचेच आकडे घेऊन सरकारला जाब विचारायचा, ही परंपरा मुंबई-पुण्याची आहे. दादाभाई नौरोजींनी इंग्रजांच्याच अहवालांतून हिशेब करून भारतीय माणसाचं वार्षिक उत्पन्न 20 रुपये काढलं आणि दाखवून दिलं की तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर याहून जास्त खर्च होतो. सरकारने 1882 मध्ये 27 रुपये काढले, कर्झनने 1901 मध्ये 30 सांगितले. वाद झडला, पण झडू शकला, कारण मूळ अहवाल छापलेले होते. रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळेतले मास्तर. त्यांनी सरकारी निळ्या पुस्तकांतून काढलेली टिपणं गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या हाती दिली. त्या बळावर गोखल्यांनी 1902 मध्ये कौन्सिलात सांगितलं की तिजोरीतली शिल्लक हा प्रजेच्या भरभराटीचा पुरावा नाही, मिठावरचा कर उतरवा. पुढच्याच वर्षी तो मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. आणि 1971 मध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचं मोजमाप केलं, ते राष्ट्रीय नमुना पाहणीच्या खर्चाच्या आकड्यांवरच. ती पाहणी तेव्हा कपाटात ठेवली असती, तर गरिबी किती हे सरकार सांगेल तेवढीच राहिली असती.

परक्या सरकारने छापलेले आकडे वापरून आपण लढलो. आपल्या सरकारला ते छापायला लावण्यासाठी भांडावं लागतं, याचा मला राग येतो.

जनगणनेचं बघा. 1881 पासून दर दहा वर्षांनी होणारी मोजणी 2021 मध्ये झाली नाही. आता ती 2027 मध्ये. कोविडमुळे झालेला एक-दोन वर्षांचा उशीर समजू शकतो. अन्नसुरक्षा कायद्यातली सुमारे 81 कोटींची मर्यादा अजून 2011 च्या लोकसंख्येवर बेतलेली आहे. मधल्या काळात लोकसंख्या वाढली, कोटा वाढला नाही. रेशनकार्डासाठी खेटे घालणाऱ्या बाईला दुकानदार सांगतो, "कोटा संपला." तिच्या वाट्याचं धान्य न झालेल्या मोजणीत अडकलं आहे.

उपाय माहीत आहेत. रंगराजन आयोगाने 2001 मध्येच सांगितलं होतं की सांख्यिकी आयोगाला कायद्याचा आधार द्या. आयोग 2006 मध्ये कामाला लागला, तो सरकारी ठरावावर. कायदा अजून झालेला नाही. तो करा. प्रत्येक अहवालाची तारीख वर्षभर आधी जाहीर करा आणि आयोगाने मंजूर केल्यावर ती पुढे ढकलायचा अधिकार कोणत्याही मंत्र्याला ठेवू नका. अहवालासोबत मूळ विदा, नावं वगळून, सर्वांना खुली करा. पद्धत बदलली तर बदलाआधी सांगा. आणि राज्यांनाही हेच नियम लावा. मुंबईत असो की बंगळुरूत, सत्ता कोणाचीही असो.

यातल्या एकाही गोष्टीला मोठा पैसा लागत नाही. लागते ती वाईट बातमी वेळेवर सांगायची हिंमत. मत मागायला दारात कोणत्याही पक्षाचा उमेदवार आला तर त्याला विचारा: निवडणुकीच्या तोंडावर बेरोजगारीचा वाईट आकडा तयार झाला, तर तुमचं सरकार तो ठरल्या तारखेला प्रसिद्ध करेल, असं जाहीरनाम्यात लिहून देता का? 'हो' म्हणाला तर कुठल्या पानावर ते विचारा. टाळाटाळ केली तर पुढच्या अहवालाचं काय होणार, ते तुम्हाला तिथेच कळेल.