मूळचे कुठले?

आपल्याकडे नवा माणूस भेटला की नावानंतरचा प्रश्न ठरलेला असतो: मूळचे कुठले? इलेक्ट्रिक गिटारवाल्यांनी ही चौकशी फारच मनावर घेतली आहे. गिटार हातात आली की ती आधी वाजवायची नाही. उलटी करायची आणि हेडस्टॉकच्या मागे डोळे बारीक करून 'मेड इन'च्या पुढे काय लिहिलंय ते वाचायचं. अमेरिका असेल तर चेहरा उजळतो. जपान असेल तर मान डोलते. मेक्सिको असेल तर 'बरी आहे', आणि इंडोनेशिया किंवा चीन असेल तर 'शिकायला ठीक'. तार अजून छेडलेली नाही, निकाल मात्र लागलेला.

आता या सोवळ्या उतरंडीच्या वरच्या टोकाला काय आहे ते बघू. फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर 1954 साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये जन्मली. जन्मदाता लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवत नसे, ते सोडून द्या. त्याच्या कारखान्यात गिटारीचा नेक घासणारा तादेओ गोमेझ होता. 1956 पासून तारेचा आवाज टिपणाऱ्या पिकअपवर केसाएवढी बारीक तांब्याची तार गुंडाळणारी अबिगेल इबारा होती. गोमेझनं नेकच्या टोकाला पेन्सिलीनं लिहिलेली टी. जी. ही दोन अक्षरं सापडली की आज संग्राहकाला गहिवरून येतं. म्हणजे मेक्सिकन वळणाच्या आडनावांनी फुलर्टनमध्ये घडवलेली ती अस्सल अमेरिकन. आणि 1987 पासून तशाच आडनावांचे लोक मेक्सिकोतल्या एन्सेनाडाच्या कारखान्यात घडवतात ती दुय्यम! फेंडरचा आजचा अमेरिकी कारखाना कोरोना गावात आहे. (नाव कारखान्याच्या नंतर बदनाम झालं, कंपनीचा दोष नाही.) तिथून एन्सेनाडा तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर. वाटेत एक सीमा लागते, एवढंच.

बरं, अमेरिकेत घडली म्हणजे उत्तमच, असंही नाही. 1965 मध्ये सीबीएस या बड्या कंपनीनं फेंडर विकत घेतली आणि खर्चाला कात्री लागली. 1971 पासून स्ट्रॅटोकास्टरचा नेक चारऐवजी तीन स्क्रूंवर बसवू लागले. त्यातले काही नेक सैल बसायचे आणि जोरात वाजवलं की बाजूला सरकायचे. त्याच काळात जपानमध्ये टोकाई आणि ग्रेको मंडळी जुन्या अमेरिकन गिटारींच्या इतक्या हुबेहूब नकला करत होती की मूळ कंपनीलाच घाम फुटला. नकलाकारांशी भांडून भागेना, तेव्हा फेंडरनं 1982 मध्ये जपानी भागीदार घेऊन फेंडर जपान काढली आणि मात्सुमोतोच्या फुजीगेन कारखान्याला काम दिलं. हाच कारखाना ग्रेकोच्या गिटारी बनवत होता. 1985 मध्ये सीबीएसनं फेंडर विकली, पण सौद्यात फुलर्टनचा कारखाना नव्हताच. कोरोनाचं बस्तान बसेपर्यंत या अस्सल अमेरिकन कंपनीचा संसार मुख्यतः जपानी हातांवर चालला.

गंमत पुढेच आहे. साठच्या दशकात 'जपानी गिटार' ही शिवी होती. आज ऐंशीच्या दशकातली जपानी फेंडर विकायला काढणारा जाहिरातीत 'जपान' हा शब्द सगळ्यात आधी लिहितो. गायक-गिटारवादक प्रिन्सची लाडकी, फेंडरच्याच टेलिकास्टरसारखी दिसणारी गिटार होती होनर नावाची, बनलेली जपानमध्ये. आणि त्या तीन स्क्रूवाल्या अमेरिकन? त्याही आता 'व्हिंटेज' झाल्या, किमती वाढल्या. माणसाचं असतं तसंच, वय झालं की दोष स्वभावात जमा होतात. इंडोनेशियाला आज नाकं मुरडणाऱ्यांनी पंचवीस वर्षं दम धरावा. तिथल्या सुराबायातल्या कोर्ट कंपनीच्या कारखान्यातून पीआरएससारख्या महागड्या नावाची एसई मालिकाही निघते आणि कोर्टचा स्वतःचा मालही. सुतार तेच, नावं वेगळी.

लाकडाची गोष्ट तर आपल्या दारातली. अमेरिकन गिटारीच्या नेकवर बोटं दाबायची जी काळपट तांबूस पट्टी दिसते, म्हणजे फ्रेटबोर्ड, ती बऱ्याचदा भारतीय शिसवीची असते. 2011 मध्ये अमेरिकी सरकारी अधिकाऱ्यांनी गिब्सन या गिटार कंपनीच्या नॅशव्हिल आणि मेम्फिसच्या कारखान्यांवर छापे घातले ते भारतातून आलेल्या शिसवी आणि आबनुसाच्या तुकड्यांसाठी. एवढं अर्धवट घडवलेलं लाकूड भारताच्या कायद्यानं बाहेर पाठवता येतं की नाही, असा वाद होता. म्हणजे आपलं शिसव समुद्र ओलांडून जातं, त्यावर अमेरिकेचा शिक्का बसतो आणि आयात कर भरून परत येतं. मग आपण म्हणतो, वा, काय टोन आहे!

आणि टोन म्हणाल, तर इलेक्ट्रिक गिटारीत तार थरथरते, खालच्या चुंबकाच्या क्षेत्रात हालचाल होते आणि गुंडाळीत वीज उमटते. चुंबकाला पासपोर्ट वाचता येत नाही. कानालाही नाही. 2010 मध्ये इंडियानापोलिसच्या एका हॉटेलच्या खोलीत एका प्रयोगासाठी 21 व्हायोलिनवादकांच्या डोळ्यांवर वेल्डरचे काळे गॉगल चढवले. जुन्या लाकडाचा वास येऊ नये म्हणून हनुवटी टेकते तिथे अत्तर लावलं. तीन नवी व्हायोलिनं आणि तीन इटलीची जुनी, त्यांत दोन स्ट्रॅडिव्हेरियसची. वाजवून पाहिल्यावर सगळ्यात नावडतं ठरलं ते एक स्ट्रॅडिव्हेरियस. व्हायोलिनची ही तऱ्हा, तर विजेच्या गिटारीनं किती मिजास करावी?

रॉक गिटारवादक ब्रायन मेची 'रेड स्पेशल' ही गिटार कुठल्या देशाची म्हणायची? 1963 मध्ये त्यानं वडिलांबरोबर घरीच करायला घेतली. नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाचा, स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या. त्याच्या बँडमध्ये शेजारी उभा राहून गाणारा मुलगा पाचगणीच्या शाळेत शिकलेला. मेड इन नेमकं काय लिहाल?

देशानं काहीच फरक पडत नाही, असं मात्र म्हणणार नाही. पडतो, मजुरीपुरता. मजुरी स्वस्त असली की तेवढ्याच पैशांत जास्त हात लागतात. महाग असली की किंमत तरी वाढते, नाहीतर काम तरी कमी होतं. कारखान्याला अमुक किमतीत बसवा असं सांगितलं की पहिली गदा येते पिकअप, स्विच, खुंट्या आणि फ्रेटच्या टोकांच्या घासकामावर. चीनमध्ये उत्तम गिटार बनते, ती उत्तम किमतीला ऑर्डर दिली तर. जपानमध्येही भिकार बनू शकते. शिक्का कामाला येतो तो पुन्हा विकताना, कारण पुढचं गिऱ्हाईकही उलटी करूनच बघणार.

तेव्हा दुकानात गेलात की डोळे मिटून तळहात नेकच्या कडेनं खालपासून वरपर्यंत फिरवा. फ्रेटची टोकं बोचली तर समजा, लाकूड नीट वाळवलेलं नाही किंवा घासायचा आळस केला. पुण्याच्या कोरड्या हिवाळ्यात ती आणखी बाहेर येतील. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर मोकळ्या तारेच्या बरोबर एक सप्तक वर लागतो का बघा. तार जोरात ताणून सोडा, सूर जागेवर येतो का ऐका. प्रत्येक फ्रेटवर एकदा बोट ठेवा, कुठे खरखरतं का पाहा. हे सगळं पास झालं तर घ्या. शिक्क्यावर वाचलेल्या पैशांतून नव्या तारा घ्या आणि चांगल्या कारागिराकडून एक सेट-अप करून घ्या, आणि कुणी मूळ गाव विचारलंच तर आधी अॅम्प्लिफायर लावा.