पॉइंटराव

आमच्या ठाण्याच्या सोसायटीतल्या या गृहस्थांचं खरं नाव लेटरबॉक्सवर आहे, पण ते पोस्टमनशिवाय कोणी वाचत नाही. सगळे त्यांना पॉइंटराव म्हणतात, अर्थात ते लिफ्टमधून उतरून गेल्यावर. मॅरेथॉनचं अंतर कोणी नुसतं 'बेचाळीस किलोमीटर' म्हटलं, की ते हातातली पिशवी खाली ठेवतात आणि 'बेचाळीस पॉइंट एक नऊ पाच' अशी दुरुस्ती करतात. मग 1908 चं लंडन ऑलिंपिक येतं, विंडसरचा राजवाडा येतो, राजघराण्याच्या सज्ज्यासमोर संपणारी ती शर्यत येते, आणि 1921 मध्ये तेच अंतर कायमचं कसं ठरलं ते येतं. तोवर पिशवीतल्या दुधाचा गारवा गेलेला असतो.

पॉइंटराव हे एकटे नाहीत. घोडबंदर रोडला दर दोन टॉवरमागे एक तरी सापडतो. वय सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस, नोकरी बँकेत, मुलगा बारावीला, गृहकर्ज अजून शिल्लक. ओळखायची खूण सोपी. सत्यनारायणाच्या पूजेला सगळे झब्ब्यात असतात, हे 'फिनिशर' लिहिलेल्या टी-शर्टात. पहिल्या मजल्यावर जायलाही लिफ्ट घेतात, कारण गुडघे रविवारसाठी राखून ठेवायचे असतात. स्टेशन किती लांब आहे असं पाहुण्यांनी विचारलं, तर 'एक रिकव्हरी रन होईल' असं उत्तर मिळतं आणि पाहुणे रिक्षा करतात.

सुरुवात रक्ताच्या रिपोर्टाने झाली. साखरेची तीन महिन्यांची सरासरी 6.3 निघाली. डॉक्टर म्हणाले, "रोज अर्धा तास चाला, भात जरा कमी करा." एवढ्या साध्या सल्ल्यावर मध्यमवर्गीय माणसाचं समाधान होत नाही. पॉइंटरावांनी परतीच्या रिक्षातच मुंबई मॅरेथॉनची माहिती काढली आणि घरी येऊन पत्नीला सांगितलं, "डॉक्टरांनी पळायला सांगितलंय." भात मात्र कमी झाला नाही. त्याला आता 'कार्ब' म्हणतात आणि तो दुप्पट लागतो.

ही शर्यत जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. त्याआधी वीस आठवड्यांचा सराव लागतो. पॉइंटरावांनी ऑफिसच्या प्रिंटरवर तक्ता छापून फ्रिजवर चिकटवला. रकाने पाच: वार, प्रकार, किलोमीटर, पेस, शेरा. सोमवारी विश्रांती, मंगळवारी इंटरव्हल, गुरुवारी टेम्पो, रविवारी लाँग रन. तक्ता निर्दोष होता. फक्त जानेवारीतून वीस आठवडे मागे गेलं की माणूस नेमका कुठे येऊन पोहोचतो, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. तो गणपतीच्या तोंडावर येऊन पोहोचतो.

इथून पुढे त्या तक्त्यातला 'शेरा' हा रकाना वाचण्यासारखा आहे. पहिल्या आठवड्यात 'पाऊस', दुसऱ्या आठवड्यात 'बूट ओले'. त्या दिवसांत हॉलमध्ये पंख्याखाली, पोटात वर्तमानपत्रं कोंबलेले बूट उताणे पडलेले असत आणि आरतीला आलेली मंडळी त्यांना वळसा घालून देवाकडे जात. गौरी जेवल्या त्या दिवशी शेरा आहे 'पुरणपोळी (4)'. पितृपक्षात रविवारी अठरा किलोमीटर होते. त्याच दिवशी वडिलांची तिथी आली. आई म्हणाल्या, "अरे, ते वर्षातून एकदा येतात. तुझं वेळापत्रक बघून येणार आहेत का?" पॉइंटराव सोवळ्यात बसले, पण मनगटावरचं घड्याळ काढलं नाही. तर्पण करताना हृदयाचे ठोके 74 भरले, हे नंतर त्यांनी गुरुजींनाही दाखवलं.

नवरात्रात ऑक्टोबरचं ऊन. दिवाळीला तर कहर झाला. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानाआधी दहा किलोमीटर उरकू, म्हणून ते पहाटे तलावपाळीला गेले. ठाण्यात दिवाळी पहाटेला राम मारुती रोड आणि तलावपाळीवर सगळी तरुणाई नटूनथटून जमते, हे ते विसरले होते. पैठण्या, झब्बे, ढोल आणि सेल्फी यांच्या गर्दीतून अर्ध्या चड्डीतले पॉइंटराव 'एक्सक्यूज मी, एक्सक्यूज मी' करत निघाले. त्या दिवशीचा पेस किलोमीटरला 19 मिनिटं, आणि शेऱ्यात 'ओळखीचे 11 लोक भेटले' एवढंच आहे. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू होतात. भाचीच्या लग्नात सीमांतपूजनाच्या वेळी हे कार्यालयाच्या पार्किंगमध्ये इंटरव्हल मारत होते. वरपक्षाकडच्या एका आजोबांनी चौकशी केली, "मामा रुसलेत का?"

सणांतून वाचलेले दिवस कुत्र्यांनी घेतले. पहाटे पाचला रस्त्यावर कुत्री आणि पॉइंटराव एवढेच असतात, आणि इंटरव्हल ट्रेनिंगची खरी जाण दोघांपैकी कुत्र्यांना आहे. चढाच्या सरावासाठी येऊरला जायला लागले, तर रस्त्यातच 'बिबट्यापासून सावध' असा फलक. त्या दिवशी चढ त्यांनी नेहमीच्याच वेगाने केला, उतार मात्र आयुष्यातल्या सर्वोत्तम वेळेत.

मग दुखणी आली, आणि खरं सांगायचं तर पॉइंटराव खुलले. आमच्या लहानपणी पाय दुखायचा. यांचा पाय कधीच दुखत नाही. यांना आयटी बँड होतो, शिन स्प्लिंट होतो, प्लांटार फॅसायटिस होतो. एखाद्याने आपल्या कुलदैवताबद्दल सांगावं तसे ते टाचेखालच्या त्या पडद्याबद्दल सांगतात. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "तीन आठवडे विश्रांती." पॉइंटराव दुसरीकडे गेले. दुसराही तेच म्हणाला. तिसऱ्याने 'हळूहळू पळून बघा' म्हटल्यावर, शहरात ज्ञानी माणूस एकच आहे, असा निर्वाळा त्यांनी दिला. घरात रोज रात्री फ्रीझरमधली पाण्याची बाटली टाचेखाली फिरते. एकदा फोम रोलर सापडला नाही म्हणून पोटरीवर लाटणं फिरवलं. त्यानंतर वहिनींनी नवीन लाटणं आणलं आणि जुन्यावर मार्करने 'पाय' असं लिहून ठेवलं.

बुटांचे तर चार जोड. एक रोजचा, एक वेगाचा, एक दमलेल्या दिवसाचा आणि एक शर्यतीचा, जो अजून डब्यात आहे आणि ज्याची किंमत घरात दोन हजारांनी कमी सांगितलेली आहे. सोसायटीतल्या एका आगाऊ माणसाने त्यांना बारामतीच्या लता करे यांची आठवण करून दिली. आजारी नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून ही बाई नऊवारीत, अनवाणी पळाली आणि शर्यत जिंकली; पुढे तिच्यावर सिनेमा निघाला, त्यात कामही तिनेच केलं. पॉइंटराव थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्यांचं फूटस्ट्राइक नैसर्गिक आहे."

मॅरेथॉनपटू शिवनाथसिंगांचं नाव निघालं तर मात्र ते कानाच्या पाळीला हात लावतात. 1978 मध्ये जालंधरला 2 तास 12 मिनिटं! "तेवढ्या वेळात मी अठरा पॉइंट सहाला असतो," असं ते स्वतःहून सांगतात, आणि त्यात लाज नसते. हिशेब असतो.

या हिशेबाबद्दल मात्र चार शब्द लिहिलेच पाहिजेत. रविवारी सकाळी लाँग रन करून पॉइंटराव फाटकाशी येतात तेव्हा घड्याळ कधी कधी 20.84 दाखवत असतं. आपण घरी जाऊ. ते जात नाहीत. पार्किंगमध्ये उभ्या गाड्यांभोवती, कचऱ्याच्या डब्यांना वळसा घालून, पाण्याच्या टाकीवरून ते गोल गोल पळत राहतात, 21.10 होईपर्यंत. नव्या वॉचमनला पहिल्या दिवशी वाटलं, साहेबांची किल्ली पडली. दोन फेऱ्या तोही मागे पळाला. गॅलऱ्यांमधून आम्ही चहा पीत हसतो.

पण हा माणूस पंचवीस वर्षं बँकेत आहे. 31 मार्चला ठेवी फुगलेल्या आणि 1 एप्रिलला ओसरलेल्या त्याने दरवर्षी पाहिल्या आहेत. कर्ज वसूल कोणी केलं आणि अहवालात नाव कोणाचं लागलं, तेही पाहिलं आहे. बढतीच्या मुलाखतीला दोनदा गेला, दोन्ही वेळा 'उत्तम, पण पुढच्या वेळी' असा शेरा घेऊन आला. मुलाच्या क्लासची फी भरली म्हणून मुलाला मार्क पडतात असंही नाही. एवढ्या सगळ्यात दहा किलोमीटर पळलं की दहाच भरतात, ही गोष्ट त्याला भलतीच आवडली. किलोमीटरला वशिला लागत नाही, आणि तो साहेबाच्या नावावरही जमा होत नाही. एकदा सत्ताविसाव्या किलोमीटरला घड्याळाची बॅटरी संपली, तेव्हा मित्र म्हणाले, "तीस लिही, कोण बघतंय?" पॉइंटरावांनी सत्तावीसच लिहिले, आणि शेऱ्यात 'उरलेले पुराव्याअभावी रद्द'.

शेवटचे दोन आठवडे धावणं कमी करायचं असतं. त्याला टेपर म्हणतात आणि तो घरच्यांसाठी सर्वांत अवघड टप्पा. पळायचं नाही म्हटल्यावर पॉइंटरावांना शरीरात आवाज ऐकू येऊ लागले. घरात शिंकायला बंदी झाली. वहिनींना सर्दी झाली तेव्हा त्यांची रवानगी मुलाच्या खोलीत, आणि त्यांच्याशी बोलणं दारातून, मास्क लावून. "अहो, बाळंतपणातसुद्धा माझी एवढी काळजी घेतली नव्हतीत," त्या म्हणाल्या. "तुझी नाही, माझी घेतोय," हे उत्तर प्रामाणिक होतं, पण द्यायला नको होतं.

मॅरेथॉनच्या रात्री रेल्वे खास लोकल सोडते. पहाटे तीनच्या त्या गाडीत छातीला नंबर टाचलेली शेकडो माणसं होती. काही तासांत ही मंडळी बेचाळीस किलोमीटर, म्हणजे पॉइंट एक नऊ पाचही, पळणार होती. पण ठाण्याला गाडी आली तेव्हा चौथ्या सीटसाठी नेहमीचीच रेटारेटी झाली. "जरा सरकून घ्या, पाय वाचवायचेत," पॉइंटराव म्हणाले. समोरचा म्हणाला, "आम्ही काय हातावर चालणार आहोत?"

सीएसएमटीला निम्मा वेळ स्वच्छतागृहाच्या रांगेत गेला. बंदुकीचा बार झाला. पाच तासांच्या आत संपवायचं ठरलं होतं. वीस आठवड्यांत स्वतःला शंभरदा बजावलं होतं की सुरुवातीला सावकाश. पण मरीन ड्राइव्हचा वारा, बाजूला वाजणारा ताशा आणि 'कम ऑन अंकल' ओरडणाऱ्या मुली यांनी मिळून ते सगळं पुसून टाकलं. तिसाव्या किलोमीटरनंतर स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा संपत आला आणि मांड्यांनी असहकार पुकारला. ऊन चढलं. आणि मग, सगळं संपत आल्यावर, पेडर रोडचा चढ आला. गाडीतून जाताना तो कोणाला जाणवतही नाही. सदतीस किलोमीटर पळून आलेल्याला मात्र तो येऊरहून उंच वाटतो.

शर्यतीच्या दिवशी नवीन काही खायचं नाही, हा पॉइंटरावांचा पहिला नियम. त्याच चढावर एका काकूंनी डबा उघडून थेपल्याचा तुकडा पुढे केला. पॉइंटरावांनी एक घेतला, पुढे चार पावलं गेले, परत आले आणि छुंदा लावून दुसरा घेतला.

5 तास 41 मिनिटं 38 सेकंद. गळ्यात पदक पडलं तेव्हा त्यांनी आधी घड्याळ पाहिलं. घड्याळ 42.87 दाखवत होतं. वळणांवर बाहेरून पळालं, पाण्याच्या टेबलांकडे वळलं की एवढं वाढतंच. पण पॉइंटराव तिथेच हिशेब करत उभे राहिले: आपण 675 मीटर फुकट पळालो, त्यांचं काय? पदक वाटणारी कॉलेजातली मुलगी शांतपणे म्हणाली, "अंकल, केळं घ्या."

पुढचे तीन दिवस ते कठडा धरून उलटे जिने उतरत होते. लिफ्ट नेमकी तेव्हाच बंद पडली होती. भेटेल त्याला उकाडा, लोकलमधली न मिळालेली सीट आणि छुंदा अशी कारणं क्रमाने सांगत होते. गुरुवारी नवा तक्ता छापून आणला. यंदा सब-फाइव्ह नक्की. फ्रिजवर लावायला गेले, तर वहिनी म्हणाल्या, "द्या इकडे, मी लावते."

संध्याकाळी पाहिलं तर तक्ता जागेवर होता. वार, प्रकार, किलोमीटर, पेस हे रकाने कोरे. 'शेरा' मात्र वहिनींनी पेनने वीसही आठवड्यांचा भरून टाकला होता: पाऊस, बूट ओले, गौरी जेवण, बाबांची तिथी, पुतण्याचं लग्न (नाशिक, दोन दिवस), टाच, कुत्री, टाच. अगदी खाली, बारीक अक्षरात: 'वर लिहिलेली कारणं वापरून झाली आहेत. उरलेल्या दिवशी उठवीन.'