उजवीकडचे काका

अष्टागरातल्या बेने इस्राएल ज्यूंत असा एक काका हमखास सापडतो. आडनाव किहीमकर, चेऊलकर, रोहेकर, कुठलंही लावा. बोंबलाच्या भावावरून हुज्जत घालताना त्याचं मराठी ऐकावं. पण लग्नाची पत्रिका निघो की कबरीचा दगड घडो, माथ्यावरच्या चार हिब्रू शब्दांसाठी सगळे त्याच्याच दारात.

काकांच्या कीबोर्डावरचे हिब्रू स्टिकर केव्हाच झिजलेत, पण काकांना ते लागतात कुठे? ‘ए’वर शिन, ‘टी’वर आलेफ, ‘के’वर लामेद, सगळं बोटांत. डीटीपीवाला पोरगा मात्र भाषा बदलायला विसरतो आणि ‘शालोम’ ठोकल्यावर पडद्यावर उमटतं ‘ए के यू ओ’. एकदा ते तसंच छापून आलं. वऱ्हाडी त्यात नवऱ्याचं नाव शोधत बसले.

तेव्हापासून काका स्वतः दुकानात जाऊन पोराच्या मानेवर उभे राहतात.

“उजवीकडचा कंट्रोल, उजवीकडचाच शिफ्ट! तेव्हा ओळ उजवीकडून सुरू होईल.”

“पण काका, पूर्णविराम डावीकडे गेला.”

“मग? वाक्य तिथेच संपतं!”

हिब्रूची अक्षरं बावीस, त्यांतली पाच शब्दाच्या शेवटी रूप बदलतात. संगणक ते आपणहून करत नाही. मधला मेम ‘एन’वर, शेवटचा ‘ओ’वर. मधला मेम शेवटी दिसला, की काका चहा तसाच ठेवून उठतात. जुन्या सॉफ्टवेअरात मजकूर चिकटवला आणि अख्खा शब्दच उलटा झाला, तर दुकानदारालाच चहा मागवावा लागतो. “१८४६ साली मुंबईत शिळाछापावर हिब्रू आणि मराठी एकत्र हग्गादा, म्हणजे आपली वल्हांडणाची पोथी, निघाली. दगडाला जमलं ते तुझ्या मशीनला जमू नये?”

कुणी यिदिश भाषेबद्दल विचारलं, तर म्हणतात, “ती युरोपवाल्यांची. लिपी तीच, पण आपल्याला काय तिचं? आपली कीर्तनं मराठीत, भांडणंही मराठीत.” एवढं बोलून पुन्हा एका टिंबावरून पोराशी भांडतात, अर्थात मराठीत.

तुम्हालाही कधी चार हिब्रू शब्द हवे असतील, तर काकांना जरूर गाठा. पैसे घेणार नाहीत, चुका मात्र मोजून दाखवतील. फक्त शनिवारी जाऊ नका. ज्यांच्या पूर्वजांनी शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवून ‘शनवार तेली’ हे नाव मिळवलं, ते तुमच्या पत्रिकेसाठी संगणक चालू करणार नाहीत.