‘हमखास बर्फ’ विकणाऱ्या सहल-आयोजकांस



हवामान खात्याचा इशारा तुमच्याकडे वेळेत पोहोचला होता. तोच तुम्ही आमच्या ग्रुपवर टाकलात आणि खाली लिहिलंत, ‘शनिवार-रविवार हमखास बर्फ!’ माझा पहिला आरोप हाच. तुम्ही इशाऱ्याची जाहिरात केलीत.

शनिवारी सकाळी मनालीत भुरभुर पाऊस होता. तुमचा मॅनेजर म्हणाला, “पाऊसच तर आहे, चला!” इतकी वर्षं माणसांना डोंगरावर नेता, तर हजार मीटर चढलं की पारा साधारण सहा अंशांनी उतरतो, हे तुम्हाला ठाऊक असायलाच हवं. मनाली दोन हजार मीटरवर आणि अटल बोगद्याचं दक्षिणेकडचं तोंड तीन हजारांच्या वर. थंडीच्या दिवसांत खाली पाऊस असेल तर वर बर्फच पडणार. भूमध्य समुद्राकडून निघालेला पश्चिमी विक्षोभ हिमालयाला भिडण्याआधी काही दिवस उपग्रहाला दिसत असतो. ‘हवा अचानक बदलली’ हा तुमचा खुलासा खोटा आहे.

बोगद्याच्या वाटेवर सोलंगच्या पुढे आमची गाडी आठ तास अडकली. आत बारा माणसं, त्यांत माझी त्र्याहत्तर वर्षांची आई. हीटरसाठी इंजिन चालू. मनालीचा ड्रायव्हर सारखा खाली उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ हातांनी उपसत होता आणि काच दोन बोटं उघडी ठेवा म्हणून बजावत होता. सायलेन्सर बुजला की विषारी धूर गाडीत शिरतो, हे त्याला माहीत होतं. पाकिस्तानात मरी इथे ७-८ जानेवारी २०२२ला बर्फ बघायला गेलेली वीसहून अधिक माणसं अडकलेल्या गाड्यांमध्ये गेली, थंडीने आणि कार्बन मोनॉक्साइडने. तोही आठवडाअखेरच होता, शुक्रवार-शनिवार. तिथेही इशारा आधी दिलेला होता.

इतक्या लांबचं सोडा. २७ डिसेंबर २०२४ला याच सोलंगमधून पोलिसांनी सुमारे पाच हजार पर्यटकांना बाहेर काढलं. ती बातमी वाचूनही तुम्ही आम्हाला त्याच रस्त्याला लावलंत, कारण तुमच्या पावतीवर छापलंय, ‘हवामानामुळे कार्यक्रम रद्द झाल्यास पैसे परत मिळणार नाहीत.’ या एका ओळीमुळे माणसं जिवावर उदार होऊन गाडीत बसतात. दिवस वाया जाईल ही भीती तुम्हीच त्यांच्या मनात घालता.

ती ओळ खोडा. इशारा असेल त्या दिवशी वशिष्ठची गरम पाण्याची कुंडं दाखवा, नग्गरचा वाडा दाखवा, किंवा मुकाट्याने पैसे परत करा.

रात्री त्या ड्रायव्हरची बोटं सुजून लाल झाली होती. आईने आपली शाल फाडून त्याच्या हातांना गुंडाळली. तुमचा मॅनेजर तेव्हा उद्याच्या बर्फाची वेळ सांगत होता. पावती बदलेपर्यंत आमच्या आळीतलं कुणी तुमच्या गाडीत बसणार नाही. दारोदार जाऊन मी हेच सांगते आहे.

– त्या गाडीतली एक प्रवासी