बाबांचा भागाकार

फ्रेमाँट, कॅलिफोर्निया
साताऱ्याच्या समस्त मंडळींस,

बाबांचा भागाकार पोचला. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे 13,500 किलोमीटर, विमानाचा वेग ताशी 900, म्हणजे 15 तास. मग तिकिटावर जादा वेळ कसला, असा त्यांचा सवाल आहे. निवृत्त गणित शिक्षकाला उत्तर द्यायचं म्हणून चिरंजीवांची झोप उडाली. भागाकार चोख आहे. फक्त त्यातला भाज्य आणि भाजक दोन्ही हवेत हलतात.

13,500 हे पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजलेलं अंतर. नातवाने दोरा खरंच ताणला, तर तो अलास्का, आर्क्टिक महासागर, सायबेरिया असा गेला! भिंतीवरच्या नकाशात बाबांनी युरोपवरून ओढलेली पेन्सिलीची रेघ आता खोडावी. अर्थात विमान दोऱ्यावरून जातंच असं नाही. कुठल्या देशाचं आकाश बंद असतं, कुठे हिमालय आडवा येतो, आणि सर्वांत मोठा मानकरी म्हणजे वारा.

साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो. थंडीत त्याचा वेग ताशी 200 किलोमीटरच्याही पुढे जातो. 2016 साली एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर 13,900 वरून 15,300 किलोमीटर झालं, आणि वेळ? उलट कमी, साडेचौदा तासांच्या आसपास! वारा पाठीशी होता. बाबांनी हे उदाहरण फळ्यावर घालू नये, पोरं गणितच सोडतील.

पृथ्वी फिरतेच आहे, तर विमानाने वर नुसतं थांबावं, अमेरिका आपोआप खाली येईल, ही काकांची सूचनाही मिळाली. नम्रपणे नामंजूर. हवासुद्धा पृथ्वीबरोबरच फिरते, नाहीतर साताऱ्यात ताशी दीड हजार किलोमीटरच्या वाऱ्यात कुणाच्या डोक्यावर टोपी राहिली असती?

आता आईंचा विषय, जो बाबांच्या विषयाहून गंभीर आहे. त्यांनी कृपा करून एकादशीला निघू नये. थंडीत इथलं घड्याळ साडेतेरा तास मागे असतं. मुंबईहून दुपारी निघालेली व्यक्ती त्याच तारखेच्या संध्याकाळी इथे उतरू शकते, म्हणजे तो एक दिवस साडेसदतीस तासांचा. साबुदाण्याची खिचडी एवढी पुरायची नाही, आणि बारस कुठल्या घड्याळाने सोडायची यावर सूनबाई अन् त्यांच्या मातोश्रींचं अजून एकमत नाही.

परतीला उलटी गंमत. जानेवारी 2021 मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या महिला सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बंगळूरला विमान नेलं. शनिवारी रात्री उड्डाण, सोमवारी पहाटे आगमन, प्रवास सुमारे 17 तासांचा. रविवार आकाशातच खर्ची पडला. सुट्टीचा वार असा गेलेला काकांना खपणार नाही, हे इथे सर्वांना ठाऊक आहे.

उन्हाळ्यात मात्र घड्याळांतला फरक साडेबारा तासांचा, त्यामुळे बाबांनी मनगटावरचे काटे फक्त अर्धा तास मागे घ्यावेत. सकाळ की रात्र, ते खिडकीतून दिसेल.

मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

ता. क. सातारा ते मुंबई विमानतळ हे अडीचशे किलोमीटर बाबांनी हिशेबात धरलेच नाहीत. तिथे ताशी 900 चालणार नाहीत. खंबाटकी घाट आणि पनवेलची गर्दी मिळून आठ तास हाताशी ठेवावेत, आणि लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत नको.